ओढ्याचं पाणी आणि माझा तांब्या

ती घटना विसरायची मी पुष्कळ खटपट केली, पण ती आजही आठवते. घोटीच्या पुढच्या एका गावात ओढ्याचं पाणी पिऊन आधी दोन म्हशी गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सात वर्षांची एक मुलगी. मी त्या ठाण्याचा प्रभारी होतो. अकस्मात मृत्यूची नोंद केली, पंचनामा केला, व्हिसेरा राखून ठेवला. सगळं नियमाप्रमाणे. माझे घोटाळे नेहमी नियम संपले की सुरू होतात.

त्याच संध्याकाळी गावातून फोन आला. "साहेब, वढ्याकाठी पिंपळाखाली म्हातारा कल्हईवाला बसलाय. तांब्या-पितळेची भांडी आशिडनं धुतो नि पाणी वढ्यातच वततो. लय दिसापासून सांगायचं व्हतं."

लय दिवसांपासून सांगायचं असलेलं लोक मयत झाल्यावरच का सांगतात, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. म्हाताऱ्याला चौकशीसाठी ठाण्यात आणून बसवलं. मालेगावचा होता. सोबत पाण्याचा प्लास्टिकचा कॅन.

"चाचा, ओढ्यात काय ओततोस?"

"साब, मी बी तेच पानी पितो. झहर कशाला टाकू?"

"सगळे असंच म्हणतात," मी म्हणालो. खरं तर असं मला आजवर कोणीच म्हटलं नव्हतं.

सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालाला महिने लागतात, म्हणून मी अक्कल चालवली. ओढ्याच्या पाच जागांचं पाणी घेऊन नाशिकच्या एका कॉलेजात गेलो. तिथल्या रसायनशास्त्राच्या मॅडम पाण्यातले धातू मोजत. त्यांनी समजावलं, "या द्रावणाचा रंग आपोआप हळूहळू उडतो. यात घातलेल्या पाण्यात कणभर तांबं असलं तरी भराभर उडतो. तांबं स्वतः खर्च होत नाही, नुसती घाई करतं. किती वेळात उडाला, त्यावरून तांबं किती ते कळतं."

"आमच्या वरिष्ठांसारखंच," मी म्हणालो. मॅडम हसल्या नाहीत.

पाचही नमुन्यांचा रंग झटक्यात उडाला. मॅडमनी कपाळाला आठ्या घातल्या. "पिंपळाच्या वरच्या बाजूला, जिथून पाणी येतं तिथेही तितकंच तांबं कसं?"

"तांबं सापडलं ना? मग झालं," म्हणून मी निघालो.

दुसऱ्या दिवशी हवालदार सांगत आला, "साहेब, म्हातारा हिरवट ओकतोय. दवाखान्यात नेऊ?"

"नाटक आहे. बसू दे."

म्हातारा अजूनही त्या कॅनमधलंच पाणी पीत होता. कॅन ओढ्यावर भरलेला होता. आमच्यापैकी कोणीही ते विचारलं नाही.

दुपारी मॅडमचा फोन आला. "साहेब, पाणी काढलं कशानं?"

मी अभिमानानं सांगितलं, "माझ्या तांब्यानं. पोटासाठी मी तांब्याचंच पाणी पितो. हवालदार रोज चिंच लावून लख्ख घासतो."

मॅडम म्हणाल्या, "घेऊन या."

त्यांनी तांब्यात शुद्ध पाणी ओतलं, हलवलं, तपासलं. रंग क्षणात गेला. "आपण ओढा मोजलाच नाही. पाचही बाटल्यांत तुमचा तांब्या मोजला."

मी तिथूनच ठाण्यात फोन करून म्हाताऱ्याला सिव्हिलला हलवायला सांगितलं. मॅडम धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घेऊन स्वतः ओढ्यावर आल्या. गावाजवळच्या पाण्यात रंग उडायला बारा मिनिटं लागली, पिंपळाजवळ नऊ, हायवेच्या पुलाखाली तीन. पुलाच्या वरच्या बाजूला अर्धा तास झाला तरी रंग तसाच. पुलाखालची माती हिरवी पडली होती आणि कडेला टँकरच्या चाकांचे माग होते.

टँकरवाला दोन दिवसांत सापडला. "पाणीच होतं, साहेब," हाच हेका. मी पुलाखालच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली. "मग पी."

त्याने बाटली दूर सारली. मग हळूच म्हणाला, "ती मुलगी खरंच गेली का?" त्यानंतर सगळं बाहेर आलं: धातूचा मुलामा देणारा कारखाना, वापरून झालेलं द्रावण, 'पुलाखाली सोड' म्हणणारा मालक. मालकाला अटक झाली. माझी पाठ थोपटली गेली.

मी सिव्हिलला गेलो, बिस्किटांचा पुडा घेऊन. चाचाचे डोळे पिवळे झाले होते.

"साब, एक कागद द्या. मी पानी खराब केलं नाय असा. शिक्का मारून. त्याच्याबिगर आता भांडी कोन देनार?"

"चाचा, असा दाखला द्यायची तरतूद नाही."

"मला धरायची होती?"

मी ठाण्यात येऊन कोऱ्या कागदावर लिहायला बसलो. 'आमची चूक झाली' हे वाक्य मला चार दिवस जमेना. पाचव्या दिवशी कागद घेऊन गेलो तर खाटेवर दुसराच पेशंट. सिस्टर म्हणाल्या, "ते काल गेले."

"घरी?" मी विचारलं. त्यांनी मृत्यूच्या नोंदीचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

आरोपी धरायला पुरावा लागतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. पुरावा गोळा करणारा हातही तपासावा लागतो, हे मला निवृत्तीच्या तोंडावर कळलं; आणि माणूस ओकत असेल तर आधी दवाखाना, मग अक्कल, हेही.

कागद चाचाच्या मुलाला दिला. त्याने उभ्या उभ्या वाचला. "याच्यावर शिक्का नाही?"

मी ठाण्यात परत गेलो आणि शिक्का मारला. तरतूद तेव्हाही नव्हती. पाच सेकंद लागले.