मुखवटा कुठून वाचावा

"पप्पा, यातलं आधी कुठलं वाचू?"

सूनबाईनं हे विचारलं तेव्हा मी माझ्या पंपांच्या दुकानाला निघालो होतो आणि माझ्या एका पायात चप्पल होती. दुसरी मी घातलीच नाही. आत आलो, पलंगाखालची पत्र्याची पेटी पुढे ओढली आणि तिच्यासमोर उघडली. लग्न होऊन ती आमच्या जळगावच्या घरात आली त्याला तेव्हा चारेक महिने झाले असतील. तोवर आमच्यात चहा झाला का, पाणी आलं का, याच्यापलीकडे बोलणं गेलं नव्हतं. सुनेशी काय बोलायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि न बोलल्याची बोचणी मात्र रोज लागायची. त्या दिवशी साफसफाई करताना तिला पेटी सापडली आणि माझी सुटका झाली.

पेटीत कॉमिक्स होती, हिंदी, सगळी एकाच वीराची. धुळ्याला वसतिगृहात राहून शिकत होतो तेव्हा बसस्टँडजवळ भाड्यानं कॉमिक्स देणारं एक दुकान होतं. ते बंद झालं तेव्हा या वीराचा सगळा गठ्ठा मी उचलून आणला. त्याचं छापील नाव काहीतरी भारदस्त आहे, पण मी त्याला नुसता 'मुखवटा' म्हणतो, कारण कथेत कायम राहतो तो मुखवटाच. तो घालणारी माणसं बदलत जातात. पहिला एक घड्याळजी, धिप्पाड, मोठ्या डोक्याचा. तो गेल्यावर सर्कशीतला झुलेवाला. त्याच्यानंतर पोस्टातला एक भित्रा कारकून. आणि चौथी त्या झुलेवाल्याची मुलगी, गुरांची डॉक्टर. गावातल्या चोरांना यातलं काही माहीत नसतं. त्यांच्या लेखी मुखवटा एकच असतो आणि तो कधी मरत नाही.

आता हे वाचायचं कसं, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. अंक छापताना क्रम नीट पाळलेला नाही. झुलेवाला कोण आहे हे बरेच अंक लपवून ठेवलंय आणि मध्येच एका जाडजूड अंकात कारकुनाची गोष्ट सांगताना ते सहज फोडून टाकलंय. म्हणून तो जाड अंक आधी हाती लागता कामा नये. शिवाय एक उन्हाळी विशेषांक आहे. त्यात मेलेला घड्याळजी पुन्हा हजर होतो, कारकुनाच्या शेजारी बसून भजी खातो, आणि याचं काही स्पष्टीकरण नाही. लिहिणाऱ्याला तो मेल्याचं आठवलं नसावं. मी सूनबाईला सगळं समजावून सांगितलं: घड्याळजीपासून सुरुवात कर, जाड अंक झुलेवाल्याच्या शेवटानंतर, आणि उन्हाळी विशेषांक वगळ. तिनं मान डोलावली. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं की दुकान आज कुलपातच ठेवायचं आहे का.

आठ दिवसांनी पाहिलं तर सूनबाईच्या हातात चौथीचा अंक. म्हणजे शेवटचा. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याबद्दल पुन्हा वाईट वाटलं, कारण पोरगी हौसेनं वाचत होती. तरी न राहवून म्हणालो, की अगं, असं शेवटून वाचलंस तर मागचं सगळं फुटलं ना.

"फुटू द्या की," ती म्हणाली. "तुमच्या घरात मी चौथ्या अंकालाच आले ना पप्पा? नाना कोण, आबा कोण, मला कुणी पहिल्यापासून सांगितलं? मागचं मागून कळतंय."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. आमचं गाव दोंडाईच्याजवळ. आमच्या भाऊबंदांत कुणाला नावानं हाक मारत नाहीत. थोरल्या पातीचा, म्हणजे शाखेचा, कर्ता तो नाना आणि धाकट्या पातीचा तो आबा. एक गेला की त्याचा मुलगा त्या हाकेला ओ देतो. माझे वडील नाना होते. त्यांच्या आधी आजोबा नाना होते. दीड वर्षापूर्वी वडील गेले. वर्षाचा दुखवटा म्हणून पुढच्या श्रावणात घरी कानबाई, आमची खानदेशातली नारळाची देवी, बसलीच नाही. या श्रावणात बसणार होती, आणि ती आणायला नाना लागतो. अक्कानं, म्हणजे माझ्या आईनं, गावाहून फोनवर एवढंच विचारलं होतं: "येशी ना?"

येईन म्हणालो. पण मला नाना व्हायचं नव्हतं. वडिलांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, माझा दुकानातल्या पोऱ्यापर्यंत जात नाही. ते भांडणं मिटवायचे. मी भांडण सुरू झालं की पंपाचे नट मोजत बसतो. ज्या पाटावर ते बसायचे तिथे मी जाऊन बसणं म्हणजे त्यांना उठवून बसणं, असं मला वाटत होतं. हे कुणाला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी लंगडायला लागलो.

हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं. कानबाई बसते तिथे नानाला तासन्‌तास मांडी घालून बसावं लागतं आणि सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेऊन घराचा उंबरा ओलांडावा लागतो. गुडघा धरलाय म्हटलं की दोन्ही आपोआप टळत होतं. माझ्या जागी आबांना बसवता आलं असतं. सण पंधरा दिवसांवर आला तसा मी उजव्या पायानं लंगडू लागलो. सूनबाई औषधांच्या दुकानात काम करते. तिनं मलम आणून दिलं. मी ते इमानदारीनं रोज चोळत होतो, दुखत नसलेल्या गुडघ्याला.

एका संध्याकाळी ती कारकुनाचा अंक घेऊन माझ्यासमोर बसली. तिसरा मुखवटा कसा वाटला, मी विचारलं.

"आवडला. पहिला अख्खा अंक दाढ दुखते म्हणून मुखवटा घालायचं टाळतो. दाढ कुठली दुखते तेही त्याच्या लक्षात राहत नाही." तिनं पान उलटलं. "पप्पा, काल तुमचा डावा गुडघा होता."

बायको भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण भाजी निवडणं थांबलं.

मग मी सांगितलं. दोघींना एकदम, फार लांबण न लावता. बायको म्हणाली की तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मलम संपायची वाट बघत होती. मुलगा कारखान्यातून आला तेव्हा त्यालाही सांगण्यात आलं, आणि तो इतका हसला की मला जरा राग आला. सूनबाई हसली नाही. तिला यंदा पहिल्यांदा आमच्या घरचे रोट, कानबाईच्या प्रसादाच्या गव्हाच्या पोळ्या, खायचे होते. आमच्याकडे रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत, लेकीबाळींनाही लग्नानंतर माहेरचे चालत नाहीत. मागच्या श्रावणात धुळ्याला तिनं वडिलांच्या घरचे शेवटचे खाल्ले होते. ती म्हणाली, तुम्ही नाना नसाल तर मी कुणाच्या घरची सून म्हणून खाऊ? तिला आबा माहीत नव्हते, अक्कांशीही दोनदाच बोलणं झालेलं. गावच्या कर्त्या माणसांत तिच्या ओळखीचा मी एकटा होतो. मी, ज्यानं तिला फक्त घड्याळजीची ओळख करून दिली होती.

शुक्रवारी आम्ही चौघं अमळनेरवरून जाणाऱ्या गाडीनं दोंडाईच्याला उतरलो. सूनबाईनं पर्समध्ये काही अंक घेतले होते. वाटेत मी तिला घरच्या माणसांच्या गोष्टी सांगत होतो, आणि सांगता सांगता माझ्या लक्षात येत होतं की मी सगळं उलटसुलट सांगतोय, अगदी त्या अंकांसारखं. नाना म्हणताना कुठला नाना ते सांगायचं राहून जात होतं.

शनिवारी रोटाचे गहू काढायचे होते. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ, आणि मूठ नानाची. अक्कानं गव्हाचं पातेलं मध्ये ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ओसरीवर सुरतेहून, पुण्याहून आलेले चुलतभाऊ, त्यांच्या बायका, धाकट्या पातीचे आबा, सगळे बसलेले. मी हात धुतले, पाटाजवळ गेलो आणि थांबलो.

"बठ्ठा उनात," आलेल्या सगळ्यांकडे हात करून अक्का म्हणाली. "आते नाना तूच शेस. बठ."

मी बसलो, चटकन मांडी घालून. मागून बायकोचा आवाज आला की गुडघा बरा झालेला दिसतोय. पण पहिली मूठ भरली आणि मी ओशाळलो. वडिलांची मूठ म्हणजे लहान वाटीच. माझ्या मुठीत बसलेले गहू बघून एका चुलतभावानं यंदा रोट चाटायचे की खायचे, असं विचारलं, आणि ओसरी हसली. मीही हसलो, पण हात पातेल्यातच राहिला.

सूनबाई परात धरून माझ्या शेजारी बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "कारकुनाला मुखवटा सैल होता. त्यानं आत कापूस भरला."

"मुठीत काय भरू?"

"सव्वा मूठ म्हणतात ना? मूठ तुमची घ्या. वरचा पाव नानांचा घ्या."

मी तसंच केलं. मूठ माझी, आणि वरचा पाव भरभरून. चुलतभावानं हरकत घेतली की हा पाव आहे की पायली, पण अक्कानं त्याला गप्प केलं आणि परात भरत गेली.

रविवारी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, लुगडं, सगळं अक्कानं आणि बायकोनं मिळून केलं. सूनबाईकडे देवीवर टांगायच्या फुलोऱ्याचं काम होतं. जेवणाच्या पंगतीला ती आबांना वाढायला आली आणि बहुधा ओळख वाढवावी म्हणून आदरानं म्हणाली, आबा, तुम्ही लग्नाच्या दिवशी कडुनिंबावर चढून बसला होतात म्हणे.

पंगत थांबली. ही गोष्ट गाडीत मीच सांगितली होती आणि ती आधीच्या आबांची होती, यांच्या वडिलांची. हे आबा निवृत्त शिक्षक, मवाळ, आयुष्यात खुर्चीवरसुद्धा चढले नसतील. माझी चूक पोरीच्या गळ्यात पडली होती. मी उठून सांगणार होतो.

आबांनी पाण्याचा घोट घेतला. "बसलो होतो," ते म्हणाले. "दुपारपर्यंत. मग भूक लागली."

मग हसण्याचा असा काही गलका झाला की बाहेरची माणसं दाराशी आली. सुरतेच्या चुलतभावानं विचारलं, आबा, आणि तो बैल विहिरीतून काढला तोही तुम्हीच का? आबा म्हणाले की तो बैल नानांनी काढला, आणि माझ्याकडे हात केला. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या पानात आणखी एक रोट पडला. तोंड रोटासाठीच उघडलंय, असा सूनबाईनं अर्थ घेतला होता किंवा तसं दाखवलं होतं. मग जेवायला बसताना तिनं एक रोट स्वतःच्या पानात घेतला. अक्कानं तिच्या रोटावर तुपाची धार सोडली, चांगली लांब, आणि पुढच्या पानाकडे गेली.

सोमवारी सकाळी देवी निघाली. मी ती डोक्यावर घेतली आणि उंबरा ओलांडला. दोन्ही पाय शाबूत होते. गल्लीत बायका वाट बघत होत्या. आमच्याकडे तिथून पुढे देवी त्या घेतात, आळीपाळीनं, नदीपर्यंत. पहिल्या ओट्यावर शेजारची म्हातारी बसली होती. तिला दिसायला फार कमी दिसतं. वडील असताना रोज सकाळी ते तिच्याशी दोन शब्द बोलून मगच शेताकडे जायचे. तिनं हात पुढे केला, माझं मनगट धरलं आणि चाचपलं.

"नाना," ती म्हणाली, "किती बारीक हुयी गया रे."

मी थबकलो. मागे डफ वाजत होता, बायका हात पुढे करून उभ्या होत्या. वडील गेल्याचं तिला ठाऊक होतं की विसर पडला होता, मला कळलं नाही. खरं सांगणं माझं काम होतं, असं मी एरवी म्हटलं असतं, आणि मग आयुष्यभर त्याचीही टोचणी बाळगली असती.

"हाव माय," मी म्हणालो. "आते जेवन कमी करेल शे."

"खात जाय," म्हातारी म्हणाली आणि मनगट सोडलं.

सूनबाई माझ्या शेजारीच होती. देवी आता तिच्याकडे द्यायची होती. तिनं पदर खोचला, डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि दोन्ही हात वर केले.

"पप्पा, उन्हाळी विशेषांक मी वाचला बरं का," ती म्हणाली. "घड्याळजीच्या भजीचा. तुम्ही उगाच वगळायला सांगितला होता."

मी देवी तिच्या डोक्यावर ठेवली आणि ती नदीकडे चालू लागली.