खोलीवाला

कंपवातात हात थरथरू लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी माणूस झोपेत लाथा झाडतो का, हे मला महाडात तपासायचं होतं. पुण्यात बसून केलेल्या माझ्या फॉर्मवर हा प्रश्न बायकोला होता. कुवेतहून नुकत्याच परतलेल्या, हात थरथरणाऱ्या एका ड्रायव्हरची बायको फणकारली, "मला काय ठाव? हे वीस वर्सं तिकडं निजले. खोलीवाल्याला विचारा!"

काय ही माझी अक्कल! कुवेतला त्याच्याच खोलीत राहिलेला हा खोलीवाला पोलादपुरात भेटला. "लाथा? हात धड होते तेव्हापासून! आम्ही मधे बॅगा रचून झोपायचो."

रोग वर्दी देऊन येतो, म्हणजे कधीतरी अडवताही येईल. मी फॉर्मवरचं ‘बायको’ खोडून ‘शेजारी झोपणारा’ लिहिलं. पुढच्या खेपेला ती बाई वाकून बघत म्हणाली, "आता तिथं माझं नाव लिवा."