तंबूच्या दारातली राखण

आमच्या सुरूच्या बनात पाच तंबू आहेत. त्यांत उतरणाऱ्या प्रत्येकाच्या चपलांपासून चष्म्यापर्यंत सगळ्याची काळजी मीच वाहायची, असं घरात कधी ठरलं ते मला आठवत नाही. नवरा मुंबईला. सासरे अंगणात खुर्ची टाकून आल्यागेल्याला वेळणेश्वराच्या गोष्टी सांगतात, त्या लोक मन लावून ऐकतात. माझं कुणाला ऐकायचं नसतं. फोन बाहेर चार्जिंगला लावून पोहायला जाऊ नका. गाडीची किल्ली वाळूत पुरू नका, भरती आली की खूण राहत नाही. तंबूच्या झिपला कुलूप लावू नका. कापडाच्या घराला कुलूप म्हणजे आत काहीतरी आहे अशी दवंडीच. मोलाचं ते माझ्याकडे द्या, तांदळाच्या पेटीत ठेवते. लोक मान डोलावतात, पेटीकडे बघून हसतात आणि आपापल्या अकलेनं काय ते लपवतात. वर विचारतात, "काकू, इथं चोऱ्या होतात का हो?" नाही होत म्हणून सांगून माझी जीभ झिजली.

तंबू झाडायला, चादरी धुवायला पलीकडची शेजारीण येते. माझ्याच वयाची, तिचाही नवरा मुंबईला. कामाला येते असं आपलं म्हणायचं. खरं तर दिवसभरात मी मनातलं बोलते ते तिच्याशीच. कामं उरकली की मागच्या दारी चहा घेऊन बसायचं आणि दोघींच्या नवऱ्यांना, पाहुण्यांना, सगळ्या जगाला नावं ठेवायची. त्या चहावर माझा दिवस ढकलला जायचा.

गेल्या हिवाळ्यात ठाण्याचं एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं होतं. निघायच्या सकाळी बाईंची सोनसाखळी सापडेना. आदल्या दिवशी समुद्रात जाताना काढून 'अगदी सेफ' ठेवली होती, कुठे ते मात्र आठवेना. बुटांत, उशांखाली, गाडीत, सगळीकडे बघून झालं. मग त्यांनी मला विचारलं, "आम्ही बीचवर होतो तेव्हा आत कोण गेलं होतं?" झाडायला कोण जातं ते मी सांगितलं. खोटं कसं सांगणार? शेजारीण तिथंच दोरीवर चादर टाकत होती. तिचा हात थांबला.

सासऱ्यांनी हे खुर्चीतून ऐकलं. आपल्या दारात पाहुण्याचं सोनं जावं, ही त्यांना नामुष्की वाटली. आमच्याकडे जुनी रीत अशी, की चोरी झाली की पोलिसांच्या आधी देवाकडे जायचं. देवापुढे नारळ ठेवायचा आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घालायचं, की ज्यानं नेलं असेल त्याला तूच काय ते बघ. नाव कुणाचं घ्यायचं नसतं. त्या धाकानं वस्तू परत येते म्हणतात. मी "आबा, जरा थांबा" म्हणेपर्यंत ते नारळ घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरलेसुद्धा. देवळात उत्सवाच्या बैठकीला निम्मी वाडी जमलेली होती.

पाहुणे तोंड पाडून गेले. खेडच्या पुढे कुठेतरी चहाला थांबल्यावर त्यांचा फोन आला. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा एक डबा संपला म्हणून दुसरा उघडला, तर चमच्याला साखळी लागली. "इतकी सेफ ठेवली की मीच विसरले बघा! सॉरी हं, काकू." हसत होत्या. मला हसू येईना.

गाऱ्हाणं मागे घ्यायचं तर नारळ ज्यानं ठेवला त्यानंच उठवायचा असतो. सासरे लगेच गेले, त्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळी गाऱ्हाणं ऐकायला निम्मी वाडी होती, आणि दुपारी नारळ उठवताना गुरव आणि एक झोपलेलं कुत्रं. "आबा, सगळ्यांसमोर सांगा की," मी म्हटलं. "देवाला कळलं ना? झालं तर," ते म्हणाले. मला असा संताप आला! देवाला आधीही ठाऊक होतं, प्रश्न वाडीचा होता. मग मीच दुकानात, विहिरीवर सांगत सुटले. लोक म्हणाले, "हो का? बरं झालं." त्या 'हो का'मध्ये काय ते सगळं आलं.

शेजारणीकडे गेले तर ती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. "सापडली गो साखळी. आणि तुझं नाव कुठं कोणी घेतलं होतं?"

"तेच तर, वहिनी," ती मान वर न करता म्हणाली. "नाव घेतलंन असतं तर मी नाय म्हटलं असतं. आता नाय म्हणून कोणाला सांगू?"

मी तिच्या तांदळातले दोन खडे वेचले आणि घरी आले.

काही दिवसांनी ती कामावर आली तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की आधी चहाचं आधण ठेवलं. पण ती तंबूच्या दारातच थांबली. "वहिनी, या हो. हितं उभ्या रहा." तेव्हापासून हे रोजचं. मी दारात उभी राहिल्याशिवाय ती आत पाऊल टाकत नाही. पाच तंबू, रोज. चुलीवर आमटी उतू जाते, पाय भरून येतात. पाहुण्यांना मात्र फार आवडतं. 'काकू स्वतः लक्ष ठेवतात, सामान अगदी सुरक्षित' असं कुणीतरी कौतुकानं लिहिलंय म्हणे. काम झालं की ती पदर झटकून दाखवते आणि जाते. चहाला थांबत नाही.

मी आपली समुद्राकडे तोंड करून उभी राहते. तेवढंच माझ्या हातात आहे. मग आतून केरसुणीचा आवाज थांबतो.

"वहिनी," ती म्हणते, "तोंड इकडं करा. बघा माझ्याकडं."