दोनशे किलोचा पाळणा

माझ्या भावाला आणि माझ्या नवऱ्याला एकाच पाळण्यात घालून रोज सोळाव्या मजल्यावरून खाली सोडतात, असं मी सांगितलं की नवी माणसं हसतात. हसू द्या. उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायच्या तर लोखंडी पाळणाच लागतो. गच्चीवरून दोन तारांनी सोडलेला, कमरेएवढा कठडा असलेला, दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहतील इतकाच. बावीस वर्षं हे दोघं त्यात उभे आहेत. दादा फेस लावतो, आमचे हे रबरी पट्टीनं तो ओढून घेतात. दादा बोलतो, हे ऐकतात. दादाला खिडकीआडचे लोकही पुरतात. अकराव्या मजल्यावर एक अतिशय गंभीर बाई बसतात, त्यांना काचेतून हसवल्याशिवाय तो दहाव्या मजल्यावर उतरत नाही.

दादानं लग्न केलं नाही. वेळ मिळाला नाही, असं तो सांगतो. राहतो आमच्याच घरात, बाहेरच्या खोलीत, आणि जेवतो माझ्या हातचं. त्यामुळे त्याच्या पोटाचा आकार हा माझ्या स्वयंपाकाचा गौरव आहे असं मी बरीच वर्षं समजत होते.

मग कंपनीत सुरक्षेचे नवे साहेब आले. तरुण, किडकिडीत, बोलायला गोड आणि नियमाला पक्के. त्यांनी पहिल्याच दिवशी पाळण्यावरची पाटी चाकूनं खरवडली. बावीस वर्षांचा साबण तिच्यावर वाळून बसला होता. खाली अक्षरं निघाली: माणसं व सामान मिळून दोनशे किलो. साहेबांनी कोठीतल्या मोठ्या काट्यावर सगळं तोललं. भरल्या बादल्या आणि हत्यारं एकतीस किलो, हे एकसष्ट, दादा एकशे बावीस. दोनशे चौदा!

"चार महिने देतो," साहेब दादाला म्हणाले. "तोवर दोघांनी जमिनीवर उभं राहून लांब दांड्यानं तळमजला पुसायचा. नाही जमलं तर तुम्ही कोठीत बादल्या वाटा, आणि यांना दुसरा जोडीदार देऊ."

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. दुसऱ्या दिवशी त्यानं आधी साहेबांशी घासाघीस करून पाहिली. बादली अर्धीच भरली तर? साहेब म्हणाले, बादली भरलेलीच धरायची. मग त्यानं मिशी काढली. काट्याला कळलंसुद्धा नाही, घरात मात्र आठ दिवस कोणी परका माणूस वावरतोय असं वाटत होतं. शेवटी मी त्याला हाताला धरून दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंकडे नेलं.

बाई मास्तरणीसारख्या होत्या. म्हणाल्या, "एकदम सगळं बंद करणारी माणसं महिन्याभरात दुप्पट खायला लागतात. आपण टप्प्याटप्प्यानं जाऊ. पहिल्या महिन्यात जेवणाला हातच लावायचा नाही. फक्त साखरेचा चहा आणि थंड पेयं बंद. आणि तोंडात जाईल ते वहीत लिहायचं."

"एवढंच?" दादा खुशीत आला.

एवढंच कसलं! वहीनं माणसाच्या नाकी नऊ आणले. दिवसाला सात चहा पितो हे त्याला लिहिल्यावर कळलं. एकदा स्वयंपाकघरात येऊन तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "बिस्किट तुटलेलं असेल तर लिहायचं का?" मी म्हटलं, "तू तोडलं असशील तर लिहायचं." त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

दुसऱ्या टप्प्यात ताट बदललं. अर्ध्या ताटात भाज्या, पाव ताटात भात किंवा पोळी, उरलेल्या पाव भागात डाळ नाहीतर अंडं. भाज्यांकडे तो रुसलेल्या मुलासारखा बघायचा आणि म्हणायचा, "हे माझं अन्न नाही, माझ्या अन्नाचं अन्न आहे." पण खायचा. तिसऱ्या टप्प्यात वेळेचा नियम आला. संध्याकाळी सातच्या आत जेवण, त्यानंतर स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही आणि रोज पाऊण तास चालायचं. तो चालायला लागला तसे रस्त्यावरचे लोक त्याला ओळखायला लागले. चांभारापासून औषधाच्या दुकानदारापर्यंत सगळे विचारायचे, "किती झालं?" तिसऱ्या महिन्याच्या अखेरीला तो एकशे बारावर आला. दहा किलो उतरले होते! मी सगळ्यांना सांगत सुटले.

आणि काटा तिथेच रुतला. एक आठवडा एकशे बारा, दुसरा आठवडा एकशे बारा, तिसऱ्यालाही तेच. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं. बाई म्हणाल्या, असं होतंच, शरीर दम घेतं, घाबरून उपास करू नका. दादा घाबरला नाही, पण गप्प झाला, आणि दादा गप्प झाला की आमच्या घरात घड्याळ ऐकू येतं.

मी त्याच्या ताटावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवून होते. दुसऱ्या ताटाकडे माझं लक्षच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

चार महिने संपले त्या दिवशी मला घरात बसवेना, म्हणून मीही कोठीत गेले. दादा काट्यावर चढला. एकशे बारा. मी डोळे मिटले. बादल्या-हत्यारं वजा जाता माणसांच्या वाट्याला एकशे एकोणसत्तर किलो येत होते. म्हणजे ह्यांचं वजन सत्तावन्न व्हायला हवं होतं, आणि हे तर जन्माचे एकसष्ट.

हे चढले. काटा सत्तावन्नवर थांबला.

"बसलं!" साहेबांनी पेन काढलं. कोठीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या दादानं वाजवल्या नाहीत. तो ह्यांच्या कमरेकडे बघत होता. पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, खिळ्यानं.

"भाऊजी, तुमचे चार किलो कुठे गेले?"

"गेले असतील कुठेतरी," हे म्हणाले.

दारातला राखणदार भोळा माणूस. तो म्हणाला, "रोज निम्मा डबा मला द्यायचे. मी म्हटलं, वहिनी जास्त भरत असतील."

मला रडू आलं आणि रागही आला. चार महिने मी ह्यांच्या समोर बसून जेवत होते, पण मला दिसले नव्हते ते माझे हे.

दादा साहेबांना म्हणाला, "सही करू नका. चरबी माझी आणि उपाशी हा माणूस? त्याला वर चक्कर आली तर? आम्हाला दोन महिने आणखी द्या. नाहीतर मला द्या कोठी, पण यांना असं वर नेऊ नका."

"मी दुसऱ्याबरोबर जाणार नाही," हे म्हणाले. एवढ्या माणसांत ह्यांचा इतका ठाम आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मला उंचीची भीती वाटते."

कोणाला काही कळेना. दादा म्हणाला, "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दादा शेजारी उभे असले की नाही वाटत."

बावीस वर्षं! मला, बायकोला, माहीत नाही. दादाला माहीत नाही. साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "दोन महिने दिले."

ते दोन महिने आमच्या घरात उलटे वारे वाहिले. एका ताटात कमी, दुसऱ्यात जास्त. बाईंचा चौथा टप्पा सुरू झाला होता: आवडीच्या गोष्टी मोजून मापून परत आणायच्या, कारण उतरवण्यापेक्षा टिकवणं अवघड. दादाला रविवारी केकचा एक तुकडा मिळायचा. तो सुरीनं त्याचे दोन सारखे भाग करायचा आणि एक ह्यांच्या ताटात सरकवायचा. ह्यांनी नाही म्हटलं की म्हणायचा, "भाऊजी, हा सल्ला नाही, औषध आहे." मीही ह्यांना वाढताना हात आखडला नाही. खरं सांगायचं तर जरा जास्तच वाढलं. चार महिन्यांचं एकदम भरून काढायचं होतं मला.

दुसऱ्या तोलाच्या पंधरा दिवस आधी दादा दवाखान्यातून आला तो नाचतच. "एकशे आठ!" एकशे आठ आणि ह्यांचे नेहमीचे एकसष्ट. हिशेब तंतोतंत बसत होता, आणि चालणं काही त्यानं थांबवलं नाही.

त्या दिवशी आधी हे काट्यावर चढले. बासष्ट.

तो वरचा किलो माझा होता, माझ्या पळीतून गेलेला. दोनशे एक! साहेब नियमाला किती पक्के आहेत हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. मी दादाकडे बघायलाही धजावले नाही.

दादा सावकाश चढला. काटा हलला, डुलला आणि एकशे सातवर थांबला.

साहेबांनी बेरीज दोनदा केली. "दोनशे. बरोबर दोनशे."

"तू तर एकशे आठ म्हणाला होतास!" मी ओरडलेच.

"ते पंधरा दिवसांपूर्वी," दादा काट्यावरून उतरत म्हणाला. "तू भाऊजींना भात वाढत होतीस तेव्हा मी बघत होतो. म्हटलं, हा माणूस काही एकसष्टावर थांबत नाही. म्हणून त्यांच्यासाठी एक किलोची जागा करून ठेवली."

साहेबांनी सही केली आणि दोघं गच्चीवर गेले. मागोमाग जिने चढून मीही गेले. बावीस वर्षं पाळण्यात आधी दादा चढायचा आणि हात देऊन ह्यांना घ्यायचा. त्या दिवशी हे आधी चढले, आणि त्यांनी दादाला हात दिला.