लेकीची गूळतुला

माझी लेक हडकुळी नव्हती आणि नाही. हे मी तेव्हाही ठणकावून सांगत होते, आजही सांगते.

ती सातव्या महिन्यात जन्मली. काचेच्या पेटीतला तो इवलासा जीव बघून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिथल्या तिथे देवीला बोलल्या, पोरगी जगू दे, पाच वर्षांची झाली की तिची गुळानं तुला करीन. पोरगी जगली, उंच झाली, दिवसभर अंगणात उड्या मारायला लागली. पण पाचवं लागलं आणि आत्याबाईंनी धसकाच घेतला. आदल्या वर्षी जावेच्या गुबगुबीत मुलाची तुला झाली होती, गूळ टाकता टाकता माणसं दमली. आमची दीड ढेपेतच उचलली गेली तर बेलापूरभर काय तोंड दाखवायचं?

मग सुरू झाला भडिमार. सकाळी तूप-पोळी, दुपारी शिरा, संध्याकाळी दूध-भाकरीचा काला. "खा गं माझी बाय, एवढा घास." पोरगी ताट दिसलं की गोठ्यात जाऊन लपायची. एकदा भडाभडा ओकली, तरी आत्याबाईंच्या हातात पुढचा घास तयार! माझं डोकंच फिरलं. "आत्याबाई, बास! पोर आहे ते, बोकड नाही!" नवरा खाली मान घालून जेवत राहिला. तेवढं त्याला छान जमतं.

दुसऱ्या दिवशी दोघींना एसटीत बसवून मी संगमनेरला मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी वजन केलं, मग पोरीला भिंतीला टेकवून उंची घेतली.

"उंची कशाला? वजन कमी हाय तिचं," आत्याबाई म्हणाल्या.

नुसत्या वजनावरून काही कळत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. उंचीच्या मानानं वजन किती ते बघायचं, त्यालाच बीएमआय म्हणतात. आणि मुलांचा तो वय बघून, मुलगा की मुलगी ते बघून ताडून पाहायचा; मोठ्यांचे आकडे त्यांना लावायचे नाहीत. वाढीच्या तक्त्यावर तिचा ठिपका पडला तो अगदी मधल्या पट्ट्यात. "बळंच भरवू नका. भूक तिची तिला कळते."

परतीच्या एसटीत आत्याबाई एकदम म्हणाल्या, "पेटीत हुती तवा तिची बोटंबी दिसत न्हवती गं मला." माझा सगळा राग तिथेच गळाला. रडूच आलं.

तुलेच्या दिवशी वजन वाढावं म्हणून काढून ठेवलेले चांदीचे तोडे डब्यातच राहिले. लेक साध्या फ्रॉकात पारड्यात बसली. गूळ चढला, पारडं उचललं. गर्दीतून कोणीतरी म्हणालंच, "बास? एवढाच?"

मी तोंड उघडणार, तोच आत्याबाई गरजल्या, "आधी उभी करून उंची बघ तिची, मंग बोल!"

लेकीनं पारड्यातूनच हात पुढे केला. "आजी, मला गुळाचा खडा दे की."

कितीतरी महिन्यांनी ती आपणहून काही मागत होती. आत्याबाईंनी एक खडा दिला. अजून घे, असं म्हणाल्या नाहीत.