अंजनाकाकी रडत नव्हती

टीव्हीसमोर तोंड मिटून बसणाऱ्या माणसांचा मला राग येतो. आमच्या घरात तसं कोणी बसायचंच नाही. मढच्या आमच्या कोळीवाड्यात पहिला टीव्ही आमच्याकडे आला, शहात्तर साली. माझ्या बापाने, दादूने, शटरवाला लाकडी सेट वर्सोव्याहून होडीतून आणला आणि एका जुन्या होडीची डोलकाठी छपरावर उभी करून तिला अँटेना बांधला. त्या दिवसापासून रविवारची संध्याकाळ आमची राहिली नाही. हिंदी सिनेमा लागायच्या आधीच अर्धा वाडा चटया घेऊन दारात हजर असायचा.

आणि सिनेमा बघायचा म्हणजे सिनेमाशी बोलायचं. नायिका रडली की बायका तिची समजूत काढायच्या. खलनायक खांबामागे लपला की पोरं नायकाला ओरडून सांगायची. सिनेमा संपला की ओट्यावर बैठक बसायची आणि मतं द्यायला सुरुवात व्हायची. वयाचा मान म्हणून पहिलं मत म्हाताऱ्या धाकूआजोबांचं. पण सगळे थांबायचे ते अंजनाकाकीसाठी.

अंजनाकाकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची, हरेश्वरकाकाची बायको. रोज सकाळी टोपली घेऊन तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, वर्सोव्याला उतरायची आणि अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिला सिनेमातलं काहीच पटायचं नाही. नायक बागेत गाणी म्हणायला लागला की ती विचारायची, "ह्यो मेला सकाळपासून नाचतोय, ह्याच्या घरात चूल कोण पेटवतो?" एका सिनेमात आई पोराची वाट बघून बघून आंधळी झाली आणि पोरगा परत आल्यावर नुसतीच त्याच्या तोंडावरून हात फिरवत बसली. सगळ्या बायका मुसमुसत होत्या. काकी भडकली. "आंदळी झाली ना? मुकी तर नाय झाली? इचार की त्याला, कुठं मेला होतास इतकी वर्सं!" लोक हसून लोळले. सोमवारी अंधेरीच्या बाजारात तिची गिऱ्हाइकंसुद्धा पापलेट दाबून बघता बघता विचारायची, "अंजनाबाई, कालचा कसा वाटला?" परक्यांच्या रडण्यावर तिचं मत सगळ्यांना हवं असायचं.

तिच्या हातांबद्दल सांगायला हवं. डाव्या हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, मनगट भरून. उजव्या हातात काच नाही, नुसतं चांदीचं कडं. आमच्यात लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून दर्यात सोडतात. मी ह्या तुला दिल्या, तू माझा माणूस सांभाळ, असं ते देणंघेणं. त्यानंतर त्या हातात ती काच कधी भरत नाही. काकीने भरली नाही आणि हरेश्वरकाका प्रत्येक वादळातून धडधाकट परत आला.

आता त्या सिनेमाकडे येते. त्याचं नाव मी सांगणार नाही. त्या लोकांना फुकटची जाहिरात कशाला?

एकोणसत्तरच्या थंडीत ते लोक शूटिंगसाठी आमच्या किनाऱ्यावर आले. थंडी म्हणजे बोंबलांचा हंगाम. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते दोरीवर टाकायचे, असे बांबू आणि दोऱ्यांचे मांडव सगळ्या किनाऱ्यावर असतात. मासळी सुकवायच्या त्या जागेला आम्ही खळं म्हणतो. काकीचं खळं सगळ्यांत पुढे, पाण्यासमोर. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा हाच सुका माल विकून घर चालतं, आणि काकीच्या घरात तो सगळा कारभार तिचा होता. बोंबील विकत घेणं, टांगणं, उलटणं, उचलणं, सगळं तिच्या दोन हातांचं.

त्या लोकांना कॅमेऱ्यासमोर मोकळा किनारा हवा होता. शिवाय नायिकेला वास सहन होत नव्हता. काकी बाजाराला गेलेली. त्यांनी हरेश्वरकाकाला विचारलं. काकाला त्यांनी डोक्याला बांधायला फेटा दिला होता आणि होडीत उभं राहायचं काम दिलं होतं, त्यामुळे तो आधीच हवेत होता. तो म्हणाला, "काढा की. बायकोचंच हाय. मी सांगतो तिला."

त्यांनी मांडव उपटले. अर्धे सुकलेले बोंबील वाळूत टाकले आणि त्यावरून त्यांची गाडी नेली. दुपारी काकी तरीतून परत येत होती, तिने ते पाण्यातूनच बघितलं. होडी किनाऱ्याला टेकायच्या आधीच तिने खाली उडी टाकली आणि कपाळ बडवत, पदर सुटलेला, ओरडत किनाऱ्यावरून धावत सुटली. मी तेव्हा लहान होते, पण तिचा तो आवाज मला आठवतो. वारा सुटला होता, काका लांब होडीत फेटा बांधून उभा होता, त्याला काही ऐकू गेलं नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस मात्र तिच्याकडे वळला आणि हसत हसत म्हणत राहिला, "बहोत अच्छा, बहोत अच्छा." काकीला वाटलं, आपलं म्हणणं त्याला पटलं.

संध्याकाळी ते सामान बांधून निघून गेले. काका घरी आला आणि तिलाच म्हणाला, "मोठी माणसं हायेत ती. चारचौघांत तमाशा करू नको." मालात घातलेले पैसे वाळूत गेले, मांडव पुन्हा उभे राहिले नाहीत, आणि त्या पावसाळ्यात काकीकडे विकायला माल नव्हता. ती वर्सोव्याला माहेरी जाऊन राहिली आणि तिथून रोज चालत जाऊन जुहूच्या एका बंगल्यात लोकांची खरकटी भांडी घासली. स्वतःचा धंदा असलेली बाई! काका मात्र जिथे चार माणसं भेटतील तिथे सांगत सुटला, "आपण पिच्चरमध्ये काम केलंय."

तो सिनेमा आला कधी आणि गेला कधी, कोणाला कळलं नाही. आमच्यातल्या कोणीच तो पाहिला नव्हता. सत्त्याहत्तर साली एका आठवड्यात टीव्हीवरच्या बाईने पुढच्या रविवारच्या सिनेमाचं नाव सांगितलं आणि हरेश्वरकाका चटईवरून ताडकन उठला. आठवडाभर तो वाडाभर सांगत फिरला. रविवारी नवा सदरा घालून सगळ्यांत पुढे बसला. काकी नेहमीच्या जागी, भिंतीला टेकून, माझ्या शेजारी.

काकाचं काम आलं. पाठमोरा, अंगठ्याएवढा, लांब होडीत. धाकूआजोबा म्हणाले, "तो तूच कशावरनं?" सगळे हसले. मग पडद्यावर वादळ झालं, होडी बुडाली, नायकाचा बाप त्यात मेला. आणि एकदम सगळा पडदाभर, नायकाची आई म्हणून, अंजनाकाकी. आठ वर्षांनी तरुण, पदर सुटलेला, कपाळ बडवत किनाऱ्यावरून धावणारी. पण तोंड तिचं आणि गळा भलत्याच बाईचा. ती बाई हिंदीत हुंदके देत होती की मी लुटले गेले, माझा धनी गेला, मी आता कोणासाठी जगू. काकीचे ओठ त्याहून कितीतरी भराभर हलत होते. पाठोपाठ दुसऱ्याच कोणाचे दोन हात आले, दोन्ही भरून हिरव्या बांगड्या, आणि त्या दगडावर फुटल्या.

घरात आरडाओरडा झाला. "अगं, अंजना! आपली अंजना!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या आईने, वनमालाने, काकीचे गाल धरले. "घराण्याचं नाव काढलंस गं. काय रडलीस!" हरेश्वरकाका मागे वळला. त्याचे डोळे खरोखर भरले होते. स्वतःच्या विधवेचं रडणं बघून हा माणूस गहिवरला होता! सगळ्यांसमोर म्हणाला, "मी गेलो की असंच रडशील ना गं माज्यासाठी?"

काकी म्हणाली, "मी रडत नव्हते."

मध्येच बातम्या लागल्या. त्या कोणी ऐकल्या नाहीत.

"मी रडत नव्हते," काकी पुन्हा म्हणाली. "शिव्या देत होते. माजं खळं मोडलं होतं त्यांनी."

"आता पुरे गं," आई म्हणाली. "इतकं चांगलं दिसलं, त्यात कशाला खोडा घालतेस?"

"पडद्यावर दिसलं ते दिसलं," धाकूआजोबांनी निकाल दिला. "डोळ्यांत पाणी होतं का नव्हतं?"

"रागानं येत नाय पाणी?"

"आवाज ऐकला ना आम्ही."

"तो माजा आवाज नाय!"

"मग कुणाचा? तोंड तर तुजंच होतं," काका म्हणाला, आणि पुरुष मंडळी खो खो हसली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके रविवार याच बाईला विचारून हे लोक ठरवायचे, कोण खरं रडलं आणि कोण खोटं. आज ती स्वतःबद्दल सांगत होती तर कोणाला ऐकायचं नव्हतं. त्यांना रडणारी अंजना हवी होती. ती वाड्यात मिरवता येत होती. बोंबलांसाठी गळा फाडून भांडणारी अंजना त्यांना नको होती. मी म्हणाले, "मला आठवतंय, ती ओरडत होती." बाप म्हणाला, "शकु, तू गप."

सिनेमा पुढे सुरू झाला. काकी काही बोलली नाही. नायकावर नाही, खलनायकावर नाही, कोणावरच नाही. असं कधी झालं नव्हतं, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

शेवटी नायक खलनायकाच्या छातीवर बसला, सुरा उगारला आणि त्याला आई आठवली. हिंदी सिनेमात आई आठवली की तिचा जुना प्रसंग पुन्हा दाखवतात, हे काकीला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पडदा धूसर व्हायला लागला तशी ती उठली. माणसांमधून वाट काढत पुढे गेली, जेठासमोर, म्हणजे माझ्या बापासमोर, पदरसुद्धा सावरला नाही, आणि टीव्हीच्या आवाजाचं बटण पिळून आवाज पार बंद केला.

पडद्यावर काकी धावत आली. तोंड उघडलं. आणि सेटच्या बाजूला उभी असलेली काकी बोलायला लागली, त्याच आवाजात, जो मी लहानपणी ऐकला होता.

"तुडवलंत रे माजं खळं! मेल्यांनो, तुमचा मुडदा बसवला! पावसाळाभर काय खाऊ? वाळू खाऊ? कुणी दिली तुमाला माजी जागा? हरेश्वरा! तू दिलीस? हरेश्वरा, मना इचारलंस?"

शब्द न् शब्द बसला. पडद्यावरचे ओठ आणि तिचे ओठ एकत्र उघडत होते आणि एकत्र मिटत होते. आणि हरेश्वर हे नाव तर लहान पोरालाही ओठांवर वाचता आलं असतं. दोनदा. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून ते नाव कोणी ऐकलं नव्हतं. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि हिने आठ वर्षांपूर्वी ते भर किनाऱ्यावर घेऊन ठेवलं होतं.

पडद्यावर ते परके हात आले, दोन्हीकडे बांगड्या भरलेले. काकीने आपले दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. डावा हिरवा. उजव्यात नुसती चांदी.

"ह्यो हात रिकामा का हाय, सांग ह्यांना," ती काकाला म्हणाली. "तुज्यासाठी दर्याला दिल्या मी. दर्यानं शबूद पाळला, दरवेळी तुला आणून सोडलं. आनि तू फेट्यासाठी माजं खळं देऊन आलास."

काकाची मान खाली गेली होती. नव्या सदऱ्याची गुंडी तो नुसतीच फिरवत होता.

काकी परत येऊन माझ्या शेजारी बसली. तिचा श्वास जोरजोरात चालला होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिने पुसलं नाही.

पडद्यावर नायक काहीतरी मोठमोठ्याने बोलत होता, हात उंचावून, आणि त्याचा एक शब्द कोणाला ऐकू येत नव्हता. बापाने घसा खाकरला. "शकु, आवाज वाढव."

मी उठले नाही.

"शकु!"

मी उठले नाही. दुसरंही कोणी उठलं नाही. सिनेमा तसाच संपला, आणि ओट्यावर त्या संध्याकाळी कोणी बसलं नाही.