दुसरं विधान
झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला, की मला कात्रजच्या आमच्या सोसायटीची ती रविवारची मीटिंग आठवते. बाबा चेअरमन होते आणि त्यांना काढायचा ठराव खाली पार्किंगमध्ये मतदानाला आला होता. मी वर, बँकेच्या परीक्षेसाठी क्लासने दिलेले झेरॉक्स सोडवत होते. नशीब बघा, प्रश्नही मतदानाचाच: हजर सभासदांपैकी दोन तृतीयांश मतं मिळून ठराव मंजूर झाला का? त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचं नाही. ते काढायला एक विधान पुरतं की दोन्ही लागतात, एवढंच सांगायचं. पार्किंगमधून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला आणि माझी पेन्सिल थांबली. आई तीच भेंडी तिसऱ्यांदा पुसत होती. "तुझ्या गणितावरून सांग ना, राहतील का गं हे?" "बाबांच्या विरोधात अठरा जण आहेत, पण हजर किती ते कळल्याशिवाय नाही सांगता येत." "मग त्या क्लासला जातेस कशाला?" गॅलरीतून डोकी मोजता आली असती, पण मी पेन्सिलीला टोक काढत बसले. एरवी बाबा खिशात किल्ली असूनही बेल दाबून धरायचे, आई ओरडेपर्यंत. त्या दिवशी कुलपात किल्ली हलकेच फिरली. आईने काही न विचारता चहाचं आधण ठेवलं आणि मी पुढचा प्रश्न वाचत असल्याचं नाटक केलं. आता माझं घर वेगळं आहे. पण नवऱ्याने कधी बेल न वाजवता दार उघडलं, की मी दुसऱ्या विधानाची वाट बघत नाही, सरळ चहाचं आधण ठेवते.